फोमचा दुसरा तुकडा

वाकोला,
४ फेब्रुवारी १९८६

चि. जयवंत,

पाकिटावरचं अक्षर तुझ्या वहिनीचं आहे, आतला माणूस मी आहे. फसवलं म्हणून लगेच फाडू नकोस. समुद्र ओलांडून आलंय बिचारं, आधी वाच आणि मग फाड.

तीन वर्षं तुझी पत्रं 'सौ. मालनवहिनीस' अशी येतात आणि खाली 'घरातील सर्वांस नमस्कार' असतो. त्या सर्वांत तुझा सख्खा भाऊ बसतो की नाही, हे मी कधी विचारलं नाही. मालन पत्र मोठ्याने वाचते, मी बाजूला बसून रिक्षाच्या सीटचं रेक्झिन कापत असतो. हात कामात असले तरी कान मोकळेच.

या खेपेला मात्र ती अर्ध्यात थांबली. मी म्हटलं, "काय गो, काय झाला?"

"काय नाय. मस्कतला उकाडा वाढलाय म्हणतात भावजी."

"जानेवारीत?"

मग तिने पत्र माझ्या पुढ्यात टाकलं. "तुमीच वाचा. माका लाज वाटता."

वाचलं. तुझ्या एका मित्राला सुट्टीत मुंबईला येऊन ऑपरेशन करून घ्यायचं आहे. तिथल्या कुठल्या तरी मासिकात त्याने वाचलं, की सिलिकॉनचे तुकडे आत बसवून माणसाचा पार्श्वभाग भरून काढता येतो. सांताक्रूझला एक प्लास्टिक सर्जन हे करतात असंही त्याला कळलंय. तर वहिनीने गुपचूप चौकशी करावी आणि दादाला कळू देऊ नये.

जयवंता, या मित्राला मी ओळखतो. लहानपणी कडेवर घेऊन फिरवलाय त्याला. कडेवर टिकायचा नाही, घसरायचा. शाळेत त्याला पोरं 'फळी' म्हणायची. पँटला पट्टा लावला तरी तो एका हाताने पँट धरून कबड्डी खेळायचा, म्हणून गडी नेहमी एकाच हाताने पकडायचा.

आता मूळ विषय. तू माझ्याशी बोलत नाहीस ते घाटकोपरच्या त्या दिवसावरून. मी एकदाही माझी बाजू सांगितली नाही, आज सांगतो. कुंदाला बघायला गेलो तेव्हा तुझ्या पँटमध्ये जो फोम होता तो माझ्या दुकानातला होता, हे कबूल. पण तो मी दिला नव्हता. तू मला न विचारता कापलास. आणि कापलास कुठला, तर रिक्षाच्या मागच्या सीटचा! तो फोम तीन सवाऱ्या आणि एक गाठोडं अशा हिशेबाने बनवतात. दाबला की दबत नाही, वाट मिळेल तिकडे सरकतो. विचारलं असतंस तर मऊ दिला असता, वर हातशिलाईचा कमरपट्टा करून दिला असता. मग तू कुंदाच्या बाबांच्या पाया पडायला वाकलास आणि डावीकडचा तुकडा बेलबॉटमच्या पायातून सरळ पोह्यांच्या ताटाशेजारी उतरला. त्यात माझा काय दोष? तिच्या आजीने, त्या सोनूबाईने, "पाव हाडलंस काय रे?" म्हणजे पाव आणलास का, असं विचारलं तेही मी शिकवलं नव्हतं. आणि मी तेव्हा हसलो नाही. मला खोकला आला होता.

तू ताडकन उठून निघून गेलास, महिन्याभरात मस्कतला. मी ती गोष्ट रिक्षास्टँडवर सांगितली असा तुझा समज आहे. वाकोल्यात विचारून बघ. कोणाला माहीत नाही.

चौकशी मीच करीन. मालन तिथे जाऊन काय बोलणार? ती घरातसुद्धा त्या भागाला 'मागची बाजू' म्हणते.

पत्र पोचल्याचं वहिनीला कळव. मला कळवू नकोस हवं तर, मी ऐकीन.

तुझा दादा,
दत्ताराम

—

वाकोला,
२७ फेब्रुवारी १९८६

चि. जयवंत,

अक्षर जरा वाकडं येईल. चष्मा कुठे तरी विसरलोय, जुना लावून लिहितोय.

दवाखान्यात जाऊन आलो. भीमराजच्या रिक्षाने गेलो. त्याची सीट मी नवीन करून दिलीय, तेव्हा तोच म्हणाला, चला शेठ, सोडतो. त्याला सांगितलं, दाताचं काम आहे.

आत गेलो तर टेबलापाशी नावं लिहून घ्यायला कोण बसली असेल? कुंदा. हो, तीच. गिरणी बंद पडल्यावर तिचे बाबा घरी बसले, तेव्हापासून ती इथे कामाला आहे म्हणे. केसात पेन खोचलेलं, आणि खुर्चीत जरा एका अंगाला कलून बसलेली. मनात म्हटलं, पोरीला एवढ्यातच कमरेचा त्रास सुरू झाला वाटतं.

तिने मला लगेच ओळखलं. "दादा, तुम्ही? कोणासाठी?"

आता मी काय सांगायचं होतं? तुझं नाव? तिच्यापुढे? त्या पावानंतर?

"माझ्यासाठीच," म्हटलं.

"तक्रार काय लिहू?"

बाकावर नाकाला पट्टी बांधलेली एक बाई बसली होती, ती वाचत असलेलं मासिक खाली ठेवून ऐकायला लागली. मी आवाज खाली आणला. "बसायची तक्रार आहे."

"मूळव्याधीचे डॉक्टर वरच्या मजल्यावर बसतात, दादा."

"मूळव्याध नाही गं. भर घालायची आहे."

कुंदाने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा खाली वहीकडे, आणि लिहून घेतलं. पोरगी कामाला पक्की आहे.

आत डॉक्टर पहिल्या वाक्याला म्हणाले, "पँट उतरवा."

"साहेब, मी भावासाठी विचारायला आलोय."

"सगळे भावासाठीच येतात. एक बाई नणंदेसाठी आल्या होत्या. उतरवा."

उतरवली. सीट शिवणाऱ्या माणसाची सीट कोणीतरी तपासतंय, असा योग आपल्या घराण्यात पहिलाच. डॉक्टरांनी चष्मा वर करून पाहिलं. "तुम्हाला कशाला हवंय? चांगलं भरलेलं आहे."

"बायको पण तेच म्हणते," मी म्हटलं. मग मी पँट चढवली, त्यांना हसू आलं, आणि आम्ही माणसासारखे बोलायला बसलो. माणूस भला आहे. काही लपवलं नाही, काही वाढवून सांगितलं नाही. आता नीट वाच.

तो तुकडा त्यांनी माझ्या हातात दिला. परदेशातून येतो. मी अंगठ्याने दाबून पाहिला: जड, गुळगुळीत, घट्ट रबरासारखा, पण माल चांगला. मधल्या घडीपाशी चीर देतात, आतल्या मोठ्या स्नायूत खिसा करतात आणि त्यात हा सरकवतात. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. पूर्ण भूल. नंतर साचलेलं पाणी काढायला नळ्या, वरून घट्ट पट्टा. इथवर ऐकून मला आपलंच काम वाटलं. जुन्या कव्हरमध्ये नवीन फोम भरतो तसंच. पण जुन्या कव्हरात जास्त फोम कोंबला की शिवण कुठे उसवते? मधेच. डॉक्टर म्हणाले, अगदी बरोबर, आमचीही तिथेच उसवते. जागा अशी आहे की ती कोरडी आणि स्वच्छ ठेवणं कठीण, त्यामुळे जखम पिकते. पिकली की तुकडा काढून टाकावा लागतो, आणि मग दुसरी बाजू एकटीच वर राहते. कधी तुकडा जागचा हलतो. कधी पायाला मुंग्या येतात, बधिरपणा राहतो. सगळ्यांनाच होतं असं नाही. नीट झालं तर नीट होतं, लोक खूश असतात. पण त्यांचं रोजचं काम नाकाचं आणि भाजलेल्यांचं. हे ऑपरेशन त्यांनी फार थोड्यांचं केलंय, आणि ते त्यांनी स्वतःहून सांगितलं.

आणि बसायचं नाही. दोन-तीन आठवडे अजिबात नाही. जेवण उभ्याने, झोप पालथी. मी विचारलं, "संडासला?" त्यांनी जे सांगितलं ते वहिनीसमोर वाचलं जाणाऱ्या पत्रात लिहीत नाही. मांडी घालून बसायचं तर त्याहून पुढे, चिरेवर ताण येतो. वजन उचलायचं काम महिना-दोन महिने बंद. मी विचारलं, विमानात उभं राहून जाता येतं का? ते म्हणाले, हवाईसुंदरी बसू देईल, मी नाही देणार.

एक गोष्ट मात्र मला सगळ्यांत भारी वाटली. एकदा हे बसवलं की त्या जागी जन्मात सुई घ्यायची नाही. आता सांग, मस्कत असो की मालवण, ताप आला की कंपाउंडर पहिलं वाक्य काय बोलतो? "पालथे व्हा." तू सगळ्या जगाच्या कंपाउंडरना काय सांगत फिरणार?

मी हमीबद्दल विचारलं. डॉक्टर म्हणाले, "हमी तुम्ही रिक्षाच्या सीटला देत असाल. मी शरीर शिवतो, रेक्झिन नाही. तुमच्या भावाला म्हणावं, स्वतःसाठी हवं असेल तर या, मी करीन. कोणी हसलं म्हणून हवं असेल तर येऊ नका. हसणाऱ्याचं तोंड माझ्याकडे शिवून मिळत नाही."

एवढं सगळं तुझ्या मित्राला सांग. ठरवायचं त्याने.

बाहेर आलो तर भीमराज रिक्षात नव्हता. ऊन लागतं म्हणून तो आत येऊन बाकावर बसला होता, पडद्याच्या अगदी जवळ. वाटेत एक शब्द बोलला नाही. भीमराज गप्प बसला की मला काळजी वाटते.

दादा

—

वाकोला,
२९ मार्च १९८६

चि. जयवंत,

काळजी खरी ठरली. सगळ्या वाकोल्याला माहीत झालंय, की दत्तारामशेठ ढुंगण नवीन करून घेतायत.

मी दुकानात आलो की स्टँडवरचे उभे राहून जागा करून देतात. "बसा शेठ, बसा, अजून बसता येतंय तोवर बसून घ्या." एक म्हणतो, नमुना म्हणून आधी स्वतःवर लावतायत, मग गिऱ्हाइकांना लावणार. दुसरा म्हणतो, "शेठ, सीट वाढली तर चौथी सवारी बसेल का?" भीमराजला मी बाजूला घेतलं. तो म्हणतो, "आईशप्पथ, मी फक्त एकाला बोललो." त्या एकाचं नाव विचारलं तर म्हणे, स्टँडच्या काळ्या फळ्याजवळ उभा होता तो.

मालन दोन दिवस दळण आणायला गेली नाही. "सांगा ना खरा काय ता सगळ्यांका! तुमका हसतत आणि तुम्ही दात काढतास!"

मी म्हटलं, सांगू काय? माझ्यावर हसले तर मी त्यांच्या सीटचा फोम पातळ करू शकतो. जयवंत तिकडे बसून काय करणार? वर मी हसण्यावारी नेलं की त्यांना चार दिवसांत कंटाळा येईल. नाही आला. शिमगा आला.

तुला आपल्या गल्लीतली शिमग्याची सोंगं माहीत आहेत. दर वर्षी संकासुर निघतो, वाघ निघतो. या वर्षी मी निघालो. गल्लीतला नंदू सोंग घेऊन आला: माझ्यासारखी टोपी, गळ्यात मोजायची टेप, कानावर खडू, आणि मागे धोतरात खोचलेले फोमचे दोन गठ्ठे. ढोल वाजतोय, आणि हा दुकानासमोर उलटा होऊन नाचतोय, शिमग्याचं पोस्त म्हणून पैसे मागतोय. सगळी गल्ली जमली. मी बघत होतो. कापलेलं काम बघून माझं डोकंच फिरलं. एक गठ्ठा मोठा, एक लहान, कडा दातांनी तोडल्यासारख्या. मी त्याला आत बोलावलं, दोन्ही गठ्ठे काढून घेतले, सुरीने सारखे कापले, कोपरे गोल केले, पट्टा लावून दिला. म्हटलं, आता नाच. माझ्या नावावर असला बेंगरूळ माल फिरायला नको.

लोक असे हसले की ढोलवाला थांबला. आणि मी वर बघतो तर समोरच्या पानाच्या गादीपाशी कुंदा उभी. हातात माझा चष्मा. डॉक्टरांच्या खोलीत पँट उतरवताना मी तो तिथेच ठेवला होता.

मालनने तिला घरात घेतलं, पुरणपोळी वाढली. मालन दूध तापवायला वळली तशी ती हळूच म्हणाली, "दादा, ऑपरेशन त्यांचं आहे ना?"

"कोणाचं?"

"पडदा पातळ आहे हो. तुम्ही डॉक्टरांना विचारत होतात, विमानात उभं राहून जाता येतं का. वाकोल्याहून सांताक्रूझला विमान कशाला लागतं?"

मी पोळीचा घास तोंडात घातला. घास मोठा असला की उत्तर द्यावं लागत नाही.

"सगळी गल्ली तुम्हाला हसतेय," ती म्हणाली, "आणि तुम्ही त्यांचं नाव घेत नाही."

तेवढ्यात मालन चुलीपाशून म्हणाली, "पण तुम्ही नकार दिलात म्हणूनच ना गो त्याने एवढा मनावर घेतला."

कुंदाचा हात थांबला. "आम्ही? आम्ही कधी नकार दिला, वहिनी?"

आता ऐक, जयवंता. मुलगी बघून झाली की निरोप मुलाकडून जायचा असतो, ही रीत आपल्याला काय माहीत नाही? पण आपण समजलो, पोह्यांच्या ताटाशेजारी फोम पडल्यावर कसला निरोप पाठवायचा! आणि तिकडे तिचे बाबा सीताराम आपल्या निरोपाची वाट बघत बसले. मुलगा उठून गेला म्हणजे मुलगी पसंत नाही, असं त्यांनी धरलं. सोनूबाई तर अजून म्हणते, की पोह्यात मीठ कमी होतं. तीन वर्षं दोन्ही घरं एकमेकांच्या नकारावर रुसून बसलीत, आणि नकार कोणी दिलेलाच नाही.

मी म्हटलं, "पण तू हसलीस ना गं त्या दिवशी?"

"हसले. खूप हसले. आत जाऊन उशीत तोंड घालून हसले." मग म्हणाली, "एवढं हसवलेल्या माणसाला कोणी नकार देतं का, दादा?"

मालनचं दूध उतू गेलं.

पाडव्यानंतरच्या रविवारी बोरिवलीचं एक स्थळ तिला बघायला येतंय. बँकेत आहे मुलगा. सीतारामांना आता थांबायची ताकद नाही. मी विचारलं, जयवंताला काय लिहू? म्हणाली, "ऑपरेशन त्यांना स्वतःला हवं असेल तर करू देत. ते पालथे झोपले तर मी पेज भरवीन. पण माझ्यासाठी असेल तर नको. लग्नात होमापुढे पाटावर मांडी घालून बसायचंय. जसे आहेत तसे सरळ बसता येईल असे या म्हणावं."

हे पत्र टपालाने पाठवत नाही. धोंडूचा अंबादास परवाच्या विमानाने मस्कतला येतोय, त्याच्या हाती देतोय. वाचून झालं की तार कर. वहिनीच्या नावाने केलीस तरी चालेल, मी ऐकीन.

दादा

—

वाकोला,
९ एप्रिल १९८६

चि. जयवंत,

तार मिळाली. पोस्टमन दारात उभा राहून विचारत होता, दत्ताराम कोण? मी त्याला म्हटलं, पुन्हा बोल. त्याला वाटलं मला कमी ऐकू येतं. तीन वर्षांनी तू पत्त्यावर माझं नाव घातलंस, ते एकदाच ऐकून भागतं का?

इंग्रजी त्यानेच वाचून सांगितलं: 'दादा. रजा मंजूर. मित्राचा विचार बदलला. कुंदाला थांबव.' स्टँडवर आता सगळे विचारतायत की कुठला मित्र. मी सांगितलं, होता एक, वारला. आणि माझ्या ऑपरेशनचं काय म्हणाले, तर म्हटलं, डॉक्टर म्हणतात एवढं चांगलं बिघडवायला हात धजत नाही.

तार खिशात घालून लगेच सांताक्रूझला गेलो. भीमराजला बाहेर उन्हात उभा केला. कुंदाने तार वाचली, परत वाचली, मग एकदम उठली. बाबांना कळवते म्हणाली, घाटकोपरला शेजाऱ्यांकडे फोन आहे. ती आतल्या खोलीत फोनकडे पळाली आणि तिची खुर्ची माझ्यासमोर रिकामी राहिली.

खुर्चीवर एक उशी होती. उशी कसली, अर्धीच होती. डावीकडे भर आणि उजवीकडे नुसती फळी. वरून स्वच्छ खोळ घातलेली, कडेला हिरव्या दोऱ्याची नक्षी. आता तू मला ओळखतोस. मी हात लावून दाबून पाहिलं. दबली नाही. रिक्षाच्या मागच्या सीटचा माल, कडा वेड्यावाकड्या, बिनसरावाच्या हाताने कापलेल्या. माझ्या दुकानात असं फक्त एकच माणूस कापायचा.

कुंदा फोन करून आली, मी उशी हातात घेऊन उभा. तिचा चेहरा लाल झाला. "आजी टाकून देत होती," एवढंच म्हणाली. मला जोराचा खोकला आला. मग तिलाही आला. नाकाला पट्टी बांधलेली बाई टाके काढायला आली होती, ती म्हणाली, या दवाखान्यात साथ आहे वाटतं.

बोरिवलीच्या स्थळाला सीतारामांनी कळवून टाकलंय. पाडव्याला मी आणि मालन घाटकोपरला जातोय. निरोप घेऊन, मुलाकडून, रीतीप्रमाणे.

आता तुझं काम. उजवीकडचा तुकडा त्या दिवशी तू घालूनच निघून गेलास. मस्कतला नेला असशील तर बॅगेत टाक आणि घेऊन ये. तीन वर्षं ती पोरगी एका अंगाला कलून बसतेय.

नसेल तर नवीन कापू. पण या वेळी मला विचारून.

वाट बघतो.

दादा